बाजारपेठेची वर्गणी सक्तीची केली तर? इंग्लंडमधल्या 'बिड'चं फेरमतदान समजून घेऊ



'दुकानाबाहेरचा खर्च' या व्हिडिओत मी एक मुद्दा अर्धवट सोडला होता. दुकानाच्या आतला खर्च आपण पैशा-पैशाने मोजतो. पण रस्त्यावरचा उजेड, पार्किंग, कचरा, रात्रीची राखण, सणाची रोषणाई यातूनही आपलं गिऱ्हाईक येतं किंवा तुटतं, आणि तो खर्च कुणी करायचा हे कधीच ठरत नाही. यावर पुन्हा बोलतो असं म्हणालो होतो. तेवढ्यात एका ताईंचा मेल आला आणि विषय आपोआप पुढे सरकला.

ताई मूळच्या कोल्हापूरच्या. आता दक्षिण इंग्लंडमधल्या एका छोट्या शहराच्या मध्यवस्तीत चहा-कॉफी आणि वडापावचं छोटं दुकान चालवतात. त्यांनी लिहिलं होतं, "दादा, आमच्याकडे बिडची मुदत संपतेय. पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा मतदान आहे. पोस्टाने मतपत्रिका आलीय. कौन्सिलने त्यांची सगळी मतं 'हो'ला द्यायचं आधीच ठरवलंय. माझ्या एका मताने काय होणार? आणि मुळात हो म्हणू की नाही?"

टेंडरची बिड वेगळी, ही वेगळी. ही म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. सोप्या भाषेत सांगायचं तर बाजारपेठेच्या एका ठरलेल्या हद्दीतले सगळे व्यावसायिक मतदान करतात, बहुमत झालं की प्रत्येकाने ठरलेली जादा वर्गणी भरायची, आणि ते पैसे त्याच हद्दीत खर्च करायचे. ज्याने 'नाही' म्हटलं त्यालाही भरावी लागते. मतदानाला जो गेलाच नाही त्यालाही.

सक्ती म्हटल्यावर तुमच्या कपाळावर आठी आली असेल. माझ्याही आली होती. म्हणून आधी आमच्या गल्लीचं सांगतो, मग इंग्लंडला जाऊ.

आमच्या गल्लीत 42 दुकानं. चार वर्षांपूर्वी लागोपाठ दोन शटर फुटली, तेव्हा असोसिएशनने ठराव केला की रात्रीचा वॉचमन ठेवायचा, प्रत्येकाने महिना 300 रुपये द्यायचे. सगळ्यांनी दिले तर 12,600 होतात, वॉचमनचा पगार 11,000. हिशोब बसत होता. पहिल्या महिन्यात 37 जणांनी दिले. चौथ्या महिन्यात 25. सहाव्यात 13. कापड दुकानवाले अण्णा पावती पुस्तक घेऊन फिरायचे, फरक स्वतःच्या खिशातून घालायचे. सातव्या महिन्यात वॉचमन दुसरीकडे लागला.

यात मला चांगलं दिसायला आवडलं असतं, पण खरं सांगतो. पाचव्या महिन्यापासून मीही दिले नाहीत. माझ्या समोरचा देत नव्हता, शेजारचा देत नव्हता, आणि वॉचमन तर माझ्या दुकानासमोरूनही फिरतच होता. अण्णा आले तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो." ते एवढंच म्हणाले, "तू तरी असं म्हणू नकोस रे." पावती पुस्तक बंद करून पुढच्या दुकानात गेले.

बीबीएला असताना याला 'फ्री रायडर प्रॉब्लेम' म्हणतात हे मी पाठ केलं होतं, पाच मार्कांना लिहूनही आलो होतो. पाच मार्कांचं उत्तर येत असलेला माणूसही पाचव्या महिन्यात पैसे द्यायचे थांबतो, हे मात्र स्वतःच्या गल्लीतच कळलं.

ही अडचण आपल्यालाच आहे असं समजू नका. कॅनडात टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातल्या दुकानदारांपुढे 1960च्या दशकात हेच उभं राहिलं. रस्त्यावरची ट्राम गेली, खालून भुयारी रेल्वे आली. जी माणसं ट्रामच्या खिडकीतून दुकानं बघत जायची, ती जमिनीखालून जाऊ लागली. वर शहरात यॉर्कडेलसारखे मोठे मॉल उघडले. रस्ता सुधारायचा तर पैसा पाहिजे, आणि स्वेच्छेची वर्गणी थोडेच जण देणार. मग त्यांनी कायद्यात बदल करून घेतला आणि 1970 मध्ये तिथे जगातला असा पहिला जिल्हा झाला. महापालिका कराबरोबरच वर्गणी गोळा करणार आणि व्यापाऱ्यांचं मंडळ ती खर्च करणार. ही पद्धत पुढे अमेरिकेत गेली, आणि इंग्लंडमध्ये 2003च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने आली. तिथला पहिला बिड लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्सकाठच्या किंग्स्टन शहरात 2005च्या सुरुवातीला चालू झाला. आता ब्रिटनभर तीनशेच्या वर आहेत.

सक्तीची कल्पना पटत नसेल तर सोसायटी आठवा. तळमजल्यावरचा माणूस "मी लिफ्ट वापरत नाही" म्हणून मेंटेनन्स थांबवू शकत नाही. बिड म्हणजे बाजारपेठेचं मेंटेनन्स समजा. फक्त एक मोठा फरक आहे आणि आजचा सगळा धडा त्या फरकावर आहे. सोसायटीचं मेंटेनन्स इमारत उभी आहे तोवर चालतं. इंग्लंडमधला बिड जास्तीत जास्त पाच वर्षं चालतो. मुदत संपली की तो आपोआप मरतो. जिवंत ठेवायचा असेल तर नवा प्रस्ताव, नवा खर्चाचा आराखडा आणि पुन्हा मतदान. 'आहे तसं चालू द्या' हा पर्यायच नाही. एवढी कडक मुदत की 2020 मध्ये कोरोनामुळे मतदान घेणं अशक्य झालं, तेव्हा त्या वर्षात संपणाऱ्या बिडना मार्च 2021 पर्यंत वाढ द्यायला संसदेच्या कायद्यात तरतूद करावी लागली.

पैसे किती, आणि कशावर?

वर्गणी ठरते 'रेटेबल व्हॅल्यू'वर. आपल्याकडे नगरपरिषदेच्या बिलावर 'करयोग्य मूल्य' असा रकाना असतो, तसंच काहीसं. तुमची जागा खुल्या बाजारात वर्षाला किती भाड्याने जाईल याचा सरकारी अंदाज. त्याच्या साधारण एक ते दोन टक्के लेव्ही लावतात. दर प्रस्तावात लिहिलेला असतो.

ताईंच्या जागेची रेटेबल व्हॅल्यू 11,500 पौंड, दर दीड टक्का. वर्षाला 172 पौंड 50 पेन्स. पाच वर्षांचे 862 पौंड 50 पेन्स.

ताईंना राग आला होता तो रकमेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा. इंग्लंडमध्ये 12,000 पौंडांपर्यंत रेटेबल व्हॅल्यूची एकच जागा असलेल्या छोट्या व्यावसायिकाला नेहमीच्या बिझनेस रेट्समध्ये पूर्ण सूट मिळते. त्यांचं ते बिल शून्य येतं. त्यामुळे त्यांचा समज झाला होता की लेव्हीही शून्यच असणार. पण लेव्ही वेगळी आणि बिझनेस रेट्स वेगळे. ती सूट इथे आपोआप लागत नाही. अमुक किमतीखालच्या जागांना माफी असं काही बिड प्रस्तावातच लिहून ठेवतात, काही ठेवत नाहीत. आणि लेव्ही थकवली तर वसुली बिझनेस रेट्ससारखीच, म्हणजे प्रकरण मॅजिस्ट्रेटच्या कोर्टापर्यंत जाऊ शकतं. "मी मत दिलं नव्हतं" हे तिथे चालत नाही.

आता ही रक्कम मोठी की छोटी? ताईंना मी म्हटलं, पौंडात मोजू नका, वडापावात मोजा. एका वडापावामागे सगळा माल-मसाला जाऊन दीड पौंड सुटतात असं त्यांनीच सांगितलं होतं. 172.50 भागिले 1.50 म्हणजे 115 वडापाव. वर्षभरात 115, म्हणजे आठवड्याला दोनपेक्षा थोडे जास्त. बिडमुळे आठवड्याला तीन गिऱ्हाइकं जास्त आली तर लेव्ही वसूल. एकही आलं नाही तर पाच वर्षांत 575 वडापाव फुकट वाटल्यासारखं. तुमच्या धंद्यात कुठलीही वर्गणी, जाहिरात, स्टॉलचं भाडं असं आधी नगात मोजायची सवय लावा. 'फक्त एवढेच पैसे' हे वाक्य ऐकून पैसे काढू नका.

कौन्सिलच्या एकाच डोक्यावर किती टोप्या

ताईंचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. कौन्सिल कशाला मत देतंय? ते तर सरकार ना?

तिथलं स्थानिक कौन्सिल या सगळ्या खेळात एकाच वेळी बऱ्याच भूमिका करतं. नीट बघा.

मतदान घेणारं कौन्सिलच. मतपत्रिका पोस्टाने जातात, मतदान संपायच्या किमान 28 दिवस आधी. बहुमत झालं तर लेव्हीची बिलं काढणार आणि पैसे गोळा करणार कौन्सिलच. ते पैसे मात्र बिडच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, कौन्सिलला ते आपल्या खर्चात वळवता येत नाहीत. खर्च करते ती बिडची स्वतंत्र कंपनी, बहुतेक ठिकाणी नफा न वाटणारी, आणि तिच्या मंडळावर तिथलेच व्यावसायिक असतात. शिवाय कौन्सिलकडे नकाराधिकार आहे. प्रस्ताव कौन्सिलच्या अधिकृत धोरणाशी ठळकपणे विसंगत असेल, किंवा हद्द नाहीतर दर मुद्दाम असे आखले असतील की कुणा एकावर फार बोजा पडतो, तर मंजूर झालेला निकालही ते थांबवू शकतं.

आणि या सगळ्यावर कौन्सिल मतदारसुद्धा आहे! कारण मत माणसाला नाही, जागेला आहे. हद्दीत ज्या-ज्या करपात्र जागेवर लेव्ही लागणार, तिच्या कर भरणाऱ्याला एक मत. कौन्सिलचं ऑफिस, वाचनालय, वाहनतळ अशा जागा हद्दीत असल्या की तेवढी मतं कौन्सिलची. लेव्हीही ते भरतं, म्हणजे शेवटी नागरिकांच्या पैशातून. म्हणूनच फेरमतदान आलं की कौन्सिलच्या बैठकीत विषय येतो: आपली मतं कुठे टाकायची? अधिकारी अहवाल ठेवतात, सभासद बोलतात, ठराव होतो. ताई म्हणतात ते 'आधीच ठरवलंय' म्हणजे हा ठराव.

हे चूक आहे का? माझं मत विचाराल तर मतदान करणं चूक नाही. जो पैसे भरणार त्याला मत हवं. पण पंचाने बॅट हातात घेतली की बाकीच्यांनी स्कोअरबुक स्वतः लिहावं, एवढं मात्र म्हणेन. का ते आकड्यात बघू.

दोन कुलुपांचं मतदान

बिड मंजूर व्हायला दोन बहुमतं लागतात, दोन्ही एकाच वेळी. पहिलं, मत दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त संख्येने 'हो' म्हणालेले हवेत. दुसरं, मत दिलेल्या सगळ्या जागांची रेटेबल व्हॅल्यू मिळवली तर त्यातही 'हो'वाल्यांची बेरीज निम्म्याहून जास्त हवी. पहिलं कुलूप छोट्यांसाठी, म्हणजे चार मोठी दुकानं मिळून सगळ्यांवर लादू शकत नाहीत. दुसरं मोठ्यांसाठी, म्हणजे शंभर टपऱ्या मिळून एका मोठ्या दुकानाचा खिसा रिकामा करू शकत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण वहीत मांडा. हद्दीत 200 जागा. मत दिलं 90 जणांनी.

'हो' म्हणाले 60, सगळे छोटे, सरासरी रेटेबल व्हॅल्यू 15,000. बेरीज 9 लाख पौंड.
'नाही' म्हणाले 30, मोठी दुकानं, सरासरी 40,000. बेरीज 12 लाख.

संख्येने 'हो' दोन तृतीयांश, दणदणीत. पण किमतीने 21 लाखांपैकी फक्त 9, म्हणजे 43 टक्के. बिड पडला.

आता यात कौन्सिलच्या 8 जागा घाला, मोठी वाहनतळं आणि ऑफिस धरून एकूण 6 लाखांच्या. 'हो' झाले 68, बेरीज 15 लाख. 'नाही' तिथेच 12 लाख. आता किमतीने 55 टक्क्यांच्या वर. बिड मंजूर.

दुकानदार एकही हलला नाही, आणि निकाल उलटा झाला. म्हणून कौन्सिलच्या बैठकीतला तो ठराव नुसता सोपस्कार समजू नका. आणि दुसरी बाजूही बघा. 200 पैकी 110 जागांनी मतच दिलं नाही. इंग्लंडमध्ये किमान मतदानाची अट नाही. स्कॉटलंडमध्ये आहे, तिथे निदान 25 टक्के मतदान लागतं. इंग्लंडमध्ये थोडेच जण मत देतात तेव्हा प्रत्येक मताचं वजन वाढतं. ताईंच्या 'माझ्या एका मताने काय होणार' याचं उत्तर इथे आहे. किमतीच्या रकान्यात त्यांचं मत हलकं. संख्येच्या रकान्यात मात्र ते पाच मजली डिपार्टमेंट स्टोअरएवढंच भरतं. त्या स्टोअरचं मत बहुतेकदा दूरच्या शहरातल्या मुख्य कार्यालयातून येतं. तिथला माणूस फाइल बघून ठरवतो, त्या गल्लीत त्याने चहाही प्यायलेला नसतो.

फेरमतदानाच्या प्रस्तावात काय वाचायचं

पहिल्यांदा मतदान असतं तेव्हा सगळी स्वप्नंच विकायला असतात. दुसऱ्यांदा मतदान असतं तेव्हा पाच वर्षांचा हिशोब समोर असतो. त्यामुळे फेरमतदानात चकचकीत पुस्तिकेची शेवटची पानं आधी वाचा. ज्याला लेव्ही भरायची आहे त्याने मागितला तर पूर्ण प्रस्ताव आणि बिझनेस प्लॅन द्यावा लागतो. ताईंनी मागितला. मलाही पाठवला.

त्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो 'बेसलाइन' या भागावर. कौन्सिल आज या हद्दीत नेहमीच्या करातून काय काय करतं याची ती यादी. रस्ता दिवसातून किती वेळा झाडतात, कचरापेट्या किती वेळा रिकाम्या होतात, दिवे कोण बदलतं. ही यादी प्रस्तावात असावीच लागते, कारण बिडने जे करायचं ते याच्या वरचं असलं पाहिजे. कौन्सिल झाडायचं ते आता बिड झाडतंय आणि कौन्सिलने आपला झाडूवाला काढून घेतलाय, असं झालं तर तुम्ही एकाच झाडलोटीचे दोनदा पैसे देताय. तिथल्या कौन्सिलांचं बजेट गेली बरीच वर्षं आवळत चाललंय, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. ताईंच्या प्रस्तावात बेसलाइन होती, पण 'योग्य त्या प्रमाणात स्वच्छता' अशा भाषेत. हे वाक्य तुम्हाला मोजता येतं का? मला नाही आलं. पाच वर्षांपूर्वीची यादी आणि आजची यादी शेजारी ठेवून एक-एक ओळ पडताळणं एवढाच उपाय.

मग खर्च. शंभर पौंडांपैकी पगार-ऑफिसवर किती आणि रस्त्यावर किती? ख्रिसमसची रोषणाई, फुलांच्या कुंड्या, रस्त्यावर फिरणारे मदतनीस, गर्दी मोजायची यंत्रं, दुकानांचा कचरा एकत्र ठेका देऊन स्वस्तात उचलणं अशी कामं बहुतेक बिड करतात. ताईंसाठी यातलं शेवटचं सोन्यासारखं निघालं. त्या कचऱ्याला स्वतंत्र ठेकेदाराला पैसे देतात. बिडचा सामूहिक दर पाच वर्षं उपलब्ध होता, यांनी कधी विचारलाच नव्हता. चूक कुणाची? थोडी बिडची, त्यांनी दारात येऊन सांगायला हवं होतं. थोडी ताईंची, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

फायदा कुठल्या रस्त्याला होतो हेही बघायचं. पुस्तिकेतल्या फोटोत मुख्य चौक असतो, कारंजं असतं. तुमचं दुकान मागच्या बोळात असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी गर्दी चौकात आणि तुमच्या बोळात गाड्या. मागच्या पाच वर्षांतले कार्यक्रम घ्या आणि त्या-त्या दिवसाचा आपला गल्ला काढा. ताईंकडे बिलिंग मशीन असल्याने हे अर्ध्या तासात झालं. सात कार्यक्रमांपैकी चार दिवशी विक्री वाढलेली, दोन दिवशी तशीच, एका दिवशी रस्ता बंद असल्याने निम्मी. 'बिडचा काही उपयोग नाही' हे त्यांचं मेलमधलं वाक्य त्यांच्याच मशीनने खोडून काढलं. पण 'बिडमुळे सगळ्यांचा फायदा' हे पुस्तिकेतलं वाक्यही खोडलं.

एक गोष्ट मात्र प्रस्तावात कुठेच लिहिलेली नसते. इंग्लंडमध्ये लेव्ही बहुतेक ठिकाणी जागा वापरणारा भरतो, मालक नाही. अमेरिकेत उलट, तिथे मुख्यतः मालमत्तेचे मालक भरतात. आता भाडेकरूने पाच वर्षं पैसे भरले, रस्ता सुधारला, गर्दी वाढली, तर भाडेकरार संपल्यावर भाडं कोण वाढवणार? लंडनमध्ये काही ठिकाणी मालकांचेही वेगळे बिड आहेत, पण छोट्या शहरात ओझं दुकानदारावरच. ताईंचा करार अजून तीन वर्षांचा आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की हा आकडा मतपत्रिकेशेजारी लिहून ठेवा.

मग ताईंनी काय केलं

मी त्यांना 'हो म्हणा' किंवा 'नाही म्हणा' सांगितलं नाही. दुकान त्यांचं आहे. त्यांनी बिडच्या ऑफिसला तीन प्रश्न लिहून पाठवले. छोट्या जागांना माफीची मर्यादा का नाही? बेसलाइनमधली झाडलोट आकड्यात सांगाल का? आमच्या बोळासाठी पाच वर्षांत नक्की काय करणार? आणि याच तिन्हीची प्रत आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरला दिली. कारण कौन्सिलच्या मतांमागे नागरिकांचा पैसा आहे, तेव्हा 'हो' म्हणण्याआधी तुम्ही हे विचारलं होतं का, असं विचारायचा त्यांना हक्क आहे.

बिडकडून दोन प्रश्नांची उत्तरं आली. माफीची मर्यादा आता मतदान सुरू झाल्यावर बदलता येत नाही, पण झाडलोटीचे दिवस आणि वेळा लेखी मिळाल्या. बोळाबद्दल 'विचार करू'. कौन्सिलरबाई स्वतः दुकानात येऊन गेल्या, दोन वडापाव खाल्ले, आणि त्यांनी मान्य केलं की बैठकीत हा विषय दहा मिनिटांत संपला होता. ताईंनी शेवटी काय खूण केली ते मला सांगितलं आहे. मी इथे लिहीत नाही, मतदान गुप्त असतं आणि निकाल अजून लागायचा आहे.

आणि आपली गल्ली?

आपल्या असोसिएशनची वर्गणी ऐच्छिक असते, थकवली म्हणून कुणी कोर्टात नेत नाही. मग यातून उचलायचं काय? मी दोन गोष्टी उचलल्या आणि त्या एका कागदावर लिहून अण्णांकडे गेलो. चार वर्षांनी.

पहिली, सगळ्यांना सारखे 300 नकोत. एका शटरला 200, दोन शटरना 400, कोपऱ्यावरच्या शोरूमला त्याहून जास्त. आणि ठराव मंजूर व्हायला दोन्ही हवेत, दुकानांच्या संख्येतही बहुमत आणि वर्गणीच्या रकमेतही. दुसरी, ठरावातच तारीख लिहायची: अकरा महिन्यांनी हे बंद. चालू ठेवायचं असेल तर हिशोब मांडून पुन्हा हात वर करायचे.

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. म्हणाले, "बंद होणार हे आधीच लिहून देतोस? मग लोक पैसे कशाला देतील?"

मी म्हटलं, "अण्णा, मागच्या वेळी आपलं बंद कधी झालं, हे तरी कुणाला नीट सांगता येईल का?"

त्यांनी विचार केला. मग माझ्या नावापुढे मागचे दोन महिने बाकी आहेत याची आठवण करून दिली. मी 600 रुपये काढून दिले. अण्णांनी खालचा खण उघडला, पावती पुस्तक काढलं, जुन्याच तारखेची पावती फाडायला लागले. मग थांबले आणि आजची तारीख घातली.

बैठक येत्या गुरुवारी आहे, बाजार बंद असतो त्या दिवशी. निघताना मी विचारलं, नवीन पावती पुस्तक छापून घेऊ का? अण्णा म्हणाले, "कशाला? यातली अर्ध्याहून जास्त कोरीच आहेत."